माझ्या वाट्याचे पेशंट: वॉर्डात नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

नवीन वॉर्डात गेलात की पहिल्या सकाळी इन्चार्ज सिस्टर बहुधा कामं वाटून देतील. एकीला इंजेक्शनं, दुसरीला टीपीआर-बीपी (ताप, नाडी, श्वास आणि रक्तदाब मोजणं), तिसरीला ड्रेसिंगची ट्रॉली. परीक्षेत आपण फंक्शनल पद्धत म्हणून लिहितो ती हीच. काम भराभर उरकतं, पण आपली सिस्टर कोण हे पेशंटला डिस्चार्जपर्यंत कळत नाही.

याला पर्याय म्हणून १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाच्या रुग्णालयात मेरी मँथी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रायमरी नर्सिंग सुरू केलं. पेशंट ॲडमिट झाल्यापासून घरी जाईपर्यंत त्याच्या शुश्रूषेची जबाबदारी एकाच नर्सवर. ती ड्युटीवर नसताना दुसरी नर्स तिनेच आखलेला प्लॅन पुढे चालवते. भारतीय नर्सिंग कौन्सिलच्या निकषानुसार टीचिंग हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात तीन पेशंटमागे एक नर्स हवी. तुमच्या नाइटला किती असतात ते बघालच! त्यामुळे पुस्तकातलं सगळं इथे जमत नाही.

निम्मं मात्र जमतं. आमच्या इन्चार्जनी सकाळपाळीला कामांऐवजी बेड वाटले, आणि सलग ड्युटी असेल तर शक्यतो तेच बेड. माझ्याकडे पायाची जखम चिघळलेल्या, शुगरवाल्या एक आजी होत्या. बेड आवरताना नाश्त्याचे पोहे तसेच झाकलेले दिसले. "भूकच नाही गं," म्हणाल्या. थोडं बोलत बसल्यावर कळलं, कवळी रुमालात गुंडाळून सुनेच्या पिशवीत गेली होती, आणि हे सांगायची त्यांना लाज वाटत होती. जेवणाआधीचं इन्सुलिन द्यायचं होतं, आणि ते घेऊन पोटात काही गेलं नाही तर शुगर फार खाली जाते. डॉक्टरांना कळवलं, सुनेला फोन केला, तोवर स्वयंपाकघरातून पातळ खिचडी मागवली. फक्त इंजेक्शनांची ट्रॉली माझ्याकडे असती तर मला चार्टवरचा शुगरचा आकडा दिसला असता, पोहे नाही.

तुमच्या वॉर्डात कामंच वाटत असतील, तरी ओव्हर (आधीच्या शिफ्टकडून पेशंटची माहिती) घेताना टेबलाशी उभं राहू नका, बेडपाशी जा. आपलं नाव सांगा, किती वाजेपर्यंत आहात तेही सांगा. कळलेली गोष्ट नोट्समध्ये लिहा. नुसती तोंडी सांगितलेली तिसऱ्या शिफ्टपर्यंत पोचत नाही. स्वतःचा मोबाइल नंबर मात्र देऊ नका. नातेवाईक कितीही आग्रह करोत, वॉर्डाचाच नंबर द्या.

आणि इन्चार्जकडे पहिली मागणी करायची तर सोप्या वॉर्डाची नको, सलग तेच बेड मागा.