प्रेअरी क्रोकस: लाड केले की मरतो

कॅनडातल्या विनिपेगच्या थंडीत बाग करताय? मग प्रेअरी क्रोकस लावून बघा. १९०६पासून हे मॅनिटोबाचं प्रांतफूल आहे. नाव क्रोकस असलं तरी खऱ्या क्रोकसशी, म्हणजे केशराच्या जातीशी, त्याचं काही नातं नाही, कंदही नसतो. बर्फ वितळतो न वितळतो तोच, एप्रिलच्या सुमारास, जेमतेम वीतभर उंचीवर फिकट जांभळी फुलं उमलतात. देठावर आणि पाकळ्यांच्या पाठीवर दाट मऊ लव असते. स्वेटर घालूनच वर आल्यासारखी.

जागा भरपूर उन्हाची हवी, माती वाळूमिश्रित, पाणी न धरणारी. शेणखत-बिणखत नको. हे रोप थंडीने मरत नाही, मुळाशी साचलेल्या पाण्याने कुजतं. मूळ खोल जातं, म्हणून एकदा लावलं की हलवायचं नाही. माळावरून उपटून तर मुळीच आणू नका, बहुतेक वेळा जगत नाही; रोपवाटिकेतूनच घ्या. बी मिळालं तर जूनमध्ये ताजं असतानाच पेरा, जुनं बी उगवायला फार कटकट करतं. बियांपासून फुलं यायला दोन-तीन वर्षं जातात. आणि हो, याचा चीक कातडीला झोंबतो. हातमोजे घाला.