हूटरव्हिल आणि मेबेरी: जुन्या गावरान सिरीयली बघायच्या कशा

'द बेव्हर्ली हिलबिलीज' बघता बघता मधेच कुठलंतरी अनोळखी हॉटेल, अनोळखी दुकानदार येतो आणि सगळे त्याला ओळखत असल्यासारखे बोलतात, आपण मात्र बघतच राहतो. ही माणसं दुसऱ्या सिरीयलमधून आलेली असतात. तेव्हा 60च्या दशकातल्या सीबीएस या अमेरिकन चॅनेलच्या या कॉमेड्या सालवार बघत बसू नका, जन्म पुरायचा नाही, एक माणूस धरा आणि त्याच्या मागं जा.

आधी एवढं लक्षात ठेवा की घराणी दोन आहेत. एक निर्माता पॉल हेनिंगचं: हिलबिलीज (1962), पेटीकोट जंक्शन (1963) आणि ग्रीन एकर्स (1965), त्यातली ग्रीन एकर्स लिहिली जे सॉमर्सनं पण गाव तेच, हूटरव्हिल. दुसरं नट अँडी ग्रिफिथचं, मेबेरी गावावालं. दोन्ही एकदम चालू केलंत तर गोंधळ नक्की.

हूटरव्हिलमध्ये धरायचा तो सॅम ड्रकर, म्हणजे नट फ्रँक केडी. वाण्याचं दुकान, त्यातच पोस्ट, आणि हा पठ्ठ्या तिन्ही सिरीयलींत दिसतो. सुरुवात पेटीकोट जंक्शनच्या पहिल्या सीझनने करा, ब्लॅक अँड व्हाइट आहे म्हणून सोडू नका. शेडी रेस्ट हॉटेल आणि कॅननबॉल नावाची जुनी रेल्वे, जी बंद करायला कंपनीचा होमर बेडलो टपलेला असतो. 1853ला पहिली गाडी जिथं आली त्या ठाण्याच्या माणसाला हे आवडणारच. मग ग्रीन एकर्सचा पहिला सीझन घ्या, त्यात पेटीकोटची मंडळी बरीच येजा करतात. एपिसोड साधारण 25 मिनिटांचा, ठाण्याहून वाशी लोकल पकडलीत तर सानपाड्याच्या आसपास एक संपतो, फक्त घरूनच डाउनलोड करून निघा.

यानंतर हिलबिलीजचे 1968चे एपिसोड, हिलबिलीजमधली आजी ग्रॅनी पेटीकोटमधल्या बेटी जोच्या बाळासाठी हूटरव्हिलला जाते ते, आणि थँक्सगिव्हिंगचा एपिसोड, ज्यात तिन्ही सिरीयलींची माणसं एकत्र जेवायला बसतात. त्यात शेडी रेस्टची मालकीण केट ब्रॅडली शोधू नका, ती करणारी बी बेनाडरेट त्याच ऑक्टोबरमध्ये गेली होती. आणि हीच बाई हिलबिलीजच्या पहिल्या सीझनमध्ये जेथ्रोची आई पर्ल आहे! चेहरा तोच, माणूस वेगळं, उगाच नातं जोडायला जाऊ नका. त्याहून मजा म्हणजे 1967च्या एका ग्रीन एकर्समध्ये गावकरी हिलबिलीजचंच नाटक बसवतात, म्हणजे तिथं ती टीव्हीवरची सिरीयल आहे, आणि पुढच्याच वर्षी तीच माणसं खरीखुरी जेवायला हजर. लॉजिक लावत बसलात तर मजा गेली, लिहिणाऱ्यांनीच लावलं नाहीये.

मेबेरी मात्र सरळ आहे. 1960 साली डॅनी थॉमसच्या शोमध्ये एक एपिसोड आला, त्यात डॅनीला स्टॉपच्या पाटीवर न थांबल्याबद्दल गावचा शेरीफ अँडी पकडतो, तो आधी बघा, सगळं तिथून फुटलं. पुढं अँडीची आत्या, आंट बी, करणारी फ्रान्सेस बेव्हियर त्यात दुसऱ्याच रोलमध्ये आहे. मग अँडी ग्रिफिथ शोचे हवे तेवढे एपिसोड, पण चौथ्या सीझनचा शेवटचा चुकवू नका, पेट्रोल पंपावरचा गोमर मरीन्समध्ये भरती होतो तो, कारण 'गोमर पाईल'ची सिरीयल तिथूनच निघाली आणि 1969पर्यंत चालली. व्हिएतनामचं युद्ध चालू असताना ही सैन्यातली कॉमेडी, आणि त्यात युद्ध जवळपास नाहीच, मला तरी हे विचित्र वाटतं. त्यातला अँडीचा मुलगा ओपी मरीन्समध्ये भरती व्हायला पळून येतो तो एपिसोड शोधून बघा, झक्कास आहे. अँडी ग्रिफिथ शोच्या पुढची सिरीयल 'मेबेरी आर.एफ.डी.', तिचा फक्त पहिला एपिसोड पुरे, अँडी आणि त्याची मैत्रीण हेलन यांचं लग्न, पुढं नवा हिरो केन बेरी चांगला आहे पण जीव रमत नाही.

हिलबिलीजचे सुरुवातीचे बरेच एपिसोड कॉपीराइट संपल्यामुळे नेटवर फुकट सापडतात, कधीकधी मूळ टायटल साँग काढून दुसरंच संगीत चिकटवलेलं असतं, तेवढं चालवून घ्या.

1971ला सीबीएसनं ग्रीन एकर्स, हिलबिलीज, मेबेरी आर.एफ.डी. सगळ्यांना एका फटक्यात घरी बसवलं, शहरी तरुण प्रेक्षक हवे होते म्हणून. नंतरच्या रियुनियन फिल्म्सपैकी 1986ची मेबेरीवाली बघा, 1981ची हिलबिलीजवाली सोडलीत तरी काही बिघडत नाही.