आधी आरसी, मग किक

लायसन्स मिळून सातच महिने झाले होते आणि डोक्यात आरएक्स 100 बसली होती. पण 1996 मध्ये बंद झालेली ती यामाहा आता जुनी असूनही स्वस्त नाही, आणि तिचा तो झटका माझ्या नव्या हाताला झेपला नसता. म्हणून घेतली 1996 चीच हिरो होंडा सीडी 100, अठरा हजारांत. भाऊ म्हणाला, "ताई, दूधवाल्याची गाडी!" म्हणू दे. स्प्लेंडरचे बरेच पार्ट तिला चालतात आणि कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला ती पाठ असते. (कायद्याने विंटेज म्हणजे 50 वर्षांपुढची. आपली नुसती म्हातारी.)

जुनी गाडी बघायला जाताना आधीच फोन करून सांगा, मी येईपर्यंत चालू करू नका. पोचल्यावर पहिला हात इंजिनला. गरम लागलं तर आपण यायच्या आधी किका मारून झाल्यात. थंड इंजिन चोक ओढून तीन-चार किकांत लागलं पाहिजे. लागताना निळा धूर भसकन येऊन थांबला तर बहुधा व्हॉल्व्ह सील (तेल अडवणारं रबर) गेलंय, थोडक्यात भागतं. चालवताना येतच राहिला तर पिस्टनच्या रिंगांवर संशय, म्हणजे इंजिन उघडणं आलं. टाकीत मोबाइलचा टॉर्च मारा; खाऱ्या हवेत सायलेन्सरचा गंज दिसतो, टाकीतला लपून राहतो.

कागदांत मात्र भीड नको. नोंदणी 15 वर्षांची, पुढे दर 5 वर्षांनी पासिंग, म्हणजे आरटीओत तपासून नूतनीकरण. म्हणजे 1996 च्या गाडीचं 2011, 2016, 2021 असं आजपर्यंत झालेलं हवं. फ्रेमवर कोरलेल्या चेसिस नंबरावर खडू घासा, आकडे उठून दिसतात, ते आरसीशी (नोंदणीच्या कागदाशी) जुळवा. वडाळ्याला मी एक चकचकीत गाडी त्यातल्या एका न जुळणाऱ्या आकड्यासाठी सोडली. मालकी बदलायच्या फॉर्म 29 आणि 30 वर विकणाऱ्याची सही घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

हात काळे करायला कार्बोरेटर बरा, पेट्रोलमध्ये हवा मिसळून इंजिनला देणारा. आधी पेट्रोलचा कॉक बंद. खाली जुना टॉवेल पसरा. माझा एक वॉशर चाळीच्या गॅलरीतून थेट खालच्या काकूंच्या तुळशीत गेला होता. खालची वाटी काढली की तळाशी विटकरी गाळ दिसतो, टाकीतला गंजच तो. जेट, म्हणजे पेट्रोल जायचं बारीक भोकाचं पितळी नळकांडं, उजेडाकडे धरा. मधून सुईच्या टोकाएवढा गोल उजेड दिसला पाहिजे. माझ्या जेटमध्ये अंधार होता. पिन घालू नका, भोक मोठं होतं. वायरीतली तांब्याची एक तार पुरते.

आणि हवेचं प्रमाण ठरवणारा एअर स्क्रू काढण्याआधी तो पूर्ण आत जाईपर्यंत हलक्या हाताने फिरवून फेरे मोजा. मी न मोजता काढला. मग गाडी प्रत्येक सिग्नलला बंद, मागे बेस्टच्या बसचा हॉर्न. शेवटी गॅरेजवाल्याने कानाने जमवून दिला. घरी आल्यावर मोजला आणि विजेच्या मीटरच्या पेटीवर पेन्सिलीने लिहून ठेवलं: पावणेदोन.