मोनोमॉयच्या रिपांमध्ये स्ट्रायपरसाठी बोट नेण्यापूर्वीची तयारी

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील केप कॉडच्या दक्षिण टोकाला, चॅटम गावाच्या खाली, मोनोमॉय बेटापासून पुढे समुद्राचा तळ एकसारखा नाही. पोलॉक रिप, बेअर्स शोल, स्टोन हॉर्स शोल, हँडकरचीफ शोल अशी नावे असलेले वाळूचे लांबट उंचवटे तिथे पाण्याखाली पसरलेले आहेत. भरती-ओहोटीचे पाणी अशा उंचवट्यावर चढते तेव्हा त्याला कमी खोलीतून वाट काढावी लागते, म्हणून ते वेग घेते आणि पलीकडे उतरताना उभ्या लाटांची एक ओळ उठवते. ही लाट पुढे सरकत नाही, जागच्या जागी फुटत राहते. या ओळीलाच रिप म्हणतात. ओढीबरोबर वाहत आलेली माकुले आणि सँड ईल नावाचे बारीक, लांबट मासे या उसळीत गोंधळतात, आणि स्ट्राइप्ड बास, म्हणजे तिथल्या बोलीत स्ट्रायपर, प्रवाहाकडे तोंड करून रिपच्या वरच्या कडेला त्यांची वाट पाहत थांबतो. नोव्हेंबर १६२० मध्ये हडसन नदीच्या दिशेने निघालेले मेफ्लॉवर जहाज याच उथळ पाण्यापाशी येऊन मागे फिरले, हे येथे पहिल्यांदा बोट नेणाऱ्याने लक्षात ठेवलेले बरे.

यादीत सर्वांत वर प्रवाहाचे वेळापत्रक असावे, आणि ते आदल्या रात्री हाताने कागदावर उतरवून घ्यावे. बंदरात पाणी किती वाजता पूर्ण चढते हे सांगणारा तक्ता वेगळा आणि पाणी किती वाजता वळते हे सांगणारा तक्ता वेगळा. रिपसाठी दुसराच लागतो. नोआ ही सरकारी संस्था पोलॉक रिप चॅनेलसाठी प्रवाहाचे स्वतंत्र अंदाज प्रसिद्ध करते. मुंबई-कोकणात वाढलेल्या माणसाला तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याची सवय असते. मलाही होती, आणि पहिल्या वर्षी मी चॅटमच्या भरतीच्या वेळेवर भरवसा ठेवून थबकलेल्या पाण्यात दीड तास गळ ओढत फिरलो. तिथीचा उपयोग तिथेही होतो, पण तो जोर ओळखण्यापुरता: अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची ओढ, अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे कमी जोराची. वेळ मात्र तक्त्यातूनच घ्यावी. पाणी साधारण सव्वासहा तासांनी वळते, मधल्या तिसऱ्या तासाच्या आगेमागे त्याचा जोर सर्वाधिक असतो, आणि हे सगळे रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. पोलॉक रिपमध्ये ऐन जोराच्या वेळी ओढ सरासरी २ नॉटांच्या, म्हणजे ताशी २ सागरी मैलांच्या, घरात असते. न्यू यॉर्कजवळच्या लाँग आयलंड साउंड या खाडीच्या तोंडावर ‘द रेस’ नावाची जागा आहे, तिथे ती ४ नॉटांपर्यंत जाते. म्हणून एका जागेचा अनुभव दुसरीकडे जसाच्या तसा लावू नये.

त्याच कागदावर वेळेच्या शेजारी दिशा लिहावी. पोलॉक रिपमध्ये भरतीचा प्रवाह ईशान्येकडे जातो आणि ओहोटीचा नैऋत्येकडे. आता त्याखाली वाऱ्याचा अंदाज लिहावा, म्हणजे दिवसाचे चित्र समोर येते. केप कॉडवर उन्हाळ्यात दुपारी बहुधा नैऋत्येचा वारा सुटतो. तो भरतीच्या पाण्यामागून वाहतो, त्यामुळे तोवर रिप आटोक्यात असते. ओहोटी लागली की पाणी त्याच वाऱ्याच्या तोंडावर जाऊ लागते, लाटा आखूड आणि उभ्या होतात, आणि सकाळी गुडघ्याएवढी दिसलेली ओळ दुपारी छातीएवढी होऊन फुटते. वारा तेवढाच आणि जागा तीच असूनही असे होते, म्हणून केवळ वाऱ्याचा वेग पाहून निर्णय घेणे मला पटत नाही. वारा आणि ओढ समोरासमोर येण्याची वेळ कागदावर ठळक करून ठेवावी आणि तिच्या निदान तासभर आधी रिप सोडण्याचे बोटीवरील सर्वांशी ठरवून घ्यावे, कारण मासे लागत असताना हा विषय कोणी काढत नाही.

यानंतर इंजिन आणि नांगर यांचा विचार एकत्रच करावा. रिपमध्ये मासेमारी करताना बोटीचे नाक प्रवाहाकडे ठेवून, इंजिन गियरमध्ये ठेवून, ओढीएवढाच वेग देत बोट एका जागी धरावी लागते, आणि आमिष मागे सोडून लाटेच्या वरच्या कडेवर खेळवावे लागते. २ नॉट म्हणजे सेकंदाला सुमारे १ मीटर. लाटांची ओळ ६० मीटर मागे असेल आणि इंजिन बंद पडले, तर मिनिटाभरात बोट आडवी होऊन त्या लाटांमध्ये शिरते. या एका मिनिटात नांगर पाण्यात जाऊन तळ धरला पाहिजे. त्यासाठी तो बोटीच्या नाकावर, साखळी जोडून, दोरी गुंता न होता सुटेल अशी रचून आणि दोरीचे आतले टोक बोटीला पक्के बांधून ठेवावा. एकदा इंधनात पाणी शिरल्याने आमचे इंजिन खोकू लागले, तेव्हा नांगर बर्फाच्या पेटीखाली आणि पेटी रेनकोटांखाली होती. पाणी वळण्याची वेळ जवळ आली होती म्हणून निभावले. नांगर मागच्या बाजूने कधीही टाकू नये, कारण मग लाटा सरळ बोटीत येतात. चालू इंजिनासह रिपमध्ये नांगरून बसणेही चूक आहे. त्याने इतर बोटींची वाट अडते. इंधनाची गाळणी आदल्या दिवशी पाहावी, एक नवी जवळ ठेवावी, आणि पाणी उपसण्याचा पंप बटण दाबून प्रत्यक्ष चालवून पाहावा.

सुकाणू धरणारा पडला तर इंजिन आपोआप बंद करणारी दोरी त्याने अंगाला अडकवावी. १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांहून लहान बोटींवर अमेरिकेत तशी सक्ती आहे, पण कायद्याची अट बोट वेगात असतानाची आहे; रिपमधला संथ वेग त्यात बसत नाही, आणि माणूस तोल जाऊन पडण्याची शक्यता मला तरी तिथेच जास्त वाटते. जीवरक्षक जाकीट प्रत्येकाच्या मापाचे असावे आणि ते अंगावर असावे. १२ वर्षांखालील मुलांना मॅसॅच्युसेट्समध्ये ते कायद्यानेच घालावे लागते. व्हीएचएफ रेडिओ संकटाच्या हाकेच्या चॅनेल १६ वर लावून तपासावा, कारण मोबाइलवर विसंबून राहता येत नाही. जून-जुलैत थंड पाण्यावर दमट वारा येऊन धुके पाहता पाहता उतरते. तेव्हा जीपीएस, होकायंत्र आणि भोंगा ही तिन्ही हाताशी लागतात. नकाशावरील खोलीचे आकडे वाळू सरकल्यामुळे जुने झालेले असू शकतात, म्हणून खोलीमापकावर एकाने सतत नजर ठेवावी.

गळ आणि दोरीची तयारी लोक सर्वांत आधी करतात. मी ती इथे ठेवली आहे. खोलवर उभ्या असलेल्या माशांसाठी या भागात मोनेल धातूची तार वापरण्याची जुनी पद्धत आहे. १० फूट तार सोडली की आमिष सुमारे १ फूट खाली जाते, असा ठोकताळा आहे; म्हणजे २५ फूट खोल जायचे तर २५० फूट तार. १००, २०० आणि ३०० फुटांवर वेगवेगळ्या रंगांच्या खुणा घरीच करून घ्याव्यात. तार सोडताना रिळावर अंगठा ठेवावा, नाहीतर ती सैल पडून पिळते आणि पिळलेल्या जागी तुटते, हातमोजेही घ्यावेत. तारेच्या टोकाला पॅराशूट जिग नावाचे जड, झालरीचे कृत्रिम आमिष लावतात आणि ते रॉडने झटके देत खेळवतात. पृष्ठभागावर मासे दिसत असतील तर हलका रॉड आणि पाण्यावर तरंगणारी कृत्रिम आमिषे, म्हणजे पॉपर, अधिक आनंद देतात. मे-जूनमध्ये माकुलांचा हंगाम असताना गुलाबी आणि पांढरे रंग जवळ असावेत. याच पाण्यात लागणाऱ्या ब्लूफिश माशाचे दात धारदार असतात, म्हणून लांब पक्कड विसरू नये.

परवाना आणि नियम आदल्या दिवशी पुन्हा पाहावेत, कारण ते बदलतात. मॅसॅच्युसेट्समध्ये १६ वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला खाऱ्या पाण्यातील मासेमारीचा परवाना लागतो. मुलाकडे भारतातून आलेल्या आई-वडिलांनाही तो काढावा लागतो, मात्र वयाची ६० वर्षे झालेल्यांना शुल्क माफ आहे. २०२३ पासून माणशी दिवसाला एकच स्ट्रायपर ठेवता येतो आणि त्याची लांबी २८ इंचांपेक्षा कमी नसावी व ३१ इंचांच्या आत असावी. शेपटीची टोके एकत्र दाबून मोजता येईल अशी पट्टी बोटीवर चिकटवून टाकावी. नैसर्गिक आमिष वापरायचे असेल तर सर्कल हुक, म्हणजे टोक आत वळलेला गोल गळ, लागतो, आणि मासा वर घेण्यासाठी आकडा वापरण्यास मनाई आहे, म्हणून रबरी जाळीचा झेला घ्यावा. किनाऱ्यापासून ३ मैलांपलीकडील संघराज्याच्या हद्दीत स्ट्रायपर धरण्यास १९९० पासून बंदी आहे, आणि धरून सोडून देण्याच्या हेतूनेही तिथे गळ टाकता येत नाही. मोनोमॉयच्या पश्चिमेच्या नॅनटकेट साउंडच्या मध्यभागी ३ मैलांपलीकडचा एक तुकडा आहे, पण मासेमारीपुरता तो राज्याच्याच अखत्यारीत येतो; बंदीच्या हद्दीची रेषा जीपीएसवर आधीच आखून ठेवावी. बहुतेक मासे सोडूनच द्यावे लागत असल्याने गळाचे काटे पकडीने चेपून न्यावेत. ठेवण्याजोगा मासा मिळालाच तर रक्त काढून लगेच बर्फात ठेवावा. त्याचे पांढरे, जाड मांस खाताना मला नेहमी रायगडकडच्या जिताड्याची आठवण होते.

निघण्यापूर्वी घरी एक चिठ्ठी ठेवावी. तिच्यात बोटीचा रंग व लांबी, बोटीवर किती माणसे आहेत, कोणत्या बंदरातून निघालो, कोणत्या रिपवर जाणार आणि किती वाजता परतणार हे लिहावे, आणि त्या वेळेनंतर किती वाट पाहून कोस्ट गार्डला कळवायचे तेही लिहावे. रिप सोडण्याची जी वेळ प्रवाहाच्या कागदावर ठळक केली आहे, तिच्यात चॅटमच्या स्टेज हार्बर या बंदरापर्यंतच्या प्रवासाचा वेळ मिळवून ही परतीची वेळ काढावी.