गावात मातीचा बंधारा आहे ना? मग या चुका टाळा, सुरुवात सांडव्यापासून करा

आपल्या खान्देशात पाण्याची ओढ एवढी आहे की नाल्यावर कुठलाही बांध दिसला की लोकांना तो साठवणीचाच वाटतो, मग तो पूर अडवायला बांधलेला का असेना. यावल-रावेर-चोपड्याकडे किंवा शहादा-तळोद्याकडे बघा, सातपुड्यावर तासभर झोडपलं की खाली कोरड्या नाल्यात लोंढा येतो, कधीकधी तर गावात टिपूसही नसतो तरी येतो. तो लोंढा थोडा वेळ धरायचा आणि हळूहळू सोडायचा, एवढंच या बंधाऱ्याचं काम. तो आधीच काठोकाठ भरून ठेवला तर पुढचा लोंढा मावणार कशात? मी बघितलेल्या बहुतेक चुका या एका हव्यासातून निघतात.

सगळ्यात वाईट चूक सांडव्यावरची, म्हणजे जादा पाणी निघून जायला ठेवलेल्या वाटेवरची. दोन फूट पाणी जास्त थांबेल म्हणून सांडव्यावर वाळूच्या गोण्या रचायच्या, फळ्या लावायच्या, कुणी तर सरळ विटांची भिंतच घालतो. अरे भाऊ, सांडवा बांधाच्या माथ्यापेक्षा खाली ठेवलाय तो मुद्दामच ना! सिमेंटच्या बंधाऱ्यावरून पाणी गेलं तर चालतं, तो त्यासाठीच असतो, पण केटीवेअरचं (कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचं) बघून मातीच्या बांधाचा हिशेब करू नका. मातीवरून पाणी वाहिलं की मागच्या, म्हणजे पाणी नसलेल्या बाजूच्या उताराची माती धुपते, घळ पडते, ती घळ वर सरकत माथ्यापर्यंत येते आणि मग बांध तुटायला फार वेळ लागत नाही. तुटलेला बांध पुराच्या पाण्यात साठलेलं पाणीपण घालतो, म्हणजे खालच्या गावाला बंधारा नसता तर बरं झालं असतं अशी वेळ.

सांडव्याची जागा सपाट असते म्हणून तिथे कुणी पऱ्हाट्यांचा ढीग लावतं, कुणी कडबा, आणि एखादा तर नांगर घालून मोकळा होतो. पुरात त्याच पऱ्हाट्या नि बाभळीच्या फांद्या तोंडाशी अडकून सांडवा तुंबतो. आखाजी (अक्षय तृतीया) झाली की सांडवा साफ करून घ्या, मृगाची वाट बघू नका. सांडव्याचं पाणी खाली जिथे पडतं तिथे खड्डा पडून तो वर सरकतोय का तेही बघा, सरकत असेल तर मोठे दगड भरून घ्या.

माथ्यावरून ट्रॅक्टर-बैलगाड्या जातात, त्यामुळे मधेच एखादा भाग दबलेला असतो आणि नुसत्या डोळ्याला कळत नाही. गवंड्याकडची पाण्याची नळी घ्या आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत लेव्हल मारा, अर्ध्या दिवसाचं काम आहे. पाणी सगळ्यात खालची जागा बरोबर शोधतं. दबलेल्या जागी नुसती ट्रॉली ओतून जेसीबीच्या बकेटने थापटू नका, आधी जुना थर खरवडून ओला करा, मग अर्ध्या फुटाचा थर, त्यावर रोलर, मग पुढचा थर. माती मुठीत दाबली की लाडू वळला पाहिजे पण हात ओला व्हायला नको, एवढा ओलावा पुरे.

काळ्या मातीचा अजून एक त्रास म्हणजे उन्हाळ्यातल्या भेगा. बांधाच्या लांबीने गेलेली भेग लक्षात ठेवा, पण पाण्याच्या बाजूकडून मागच्या बाजूला आरपार गेलेली आडवी भेग दिसली तर ती आधी धरा, कारण पाण्याला तयार रस्ता मिळतो. वरून सिमेंटचं पाणी ओतून काही होत नाही. भेग संपेपर्यंत चर खोदायची आणि ओली माती थरथर दाबून भरायची.

आता पाझर. मागच्या बाजूला थोडी ओल, थोडं पाणी येणं हे मातीच्या बांधाला चालतं. बघायचं एवढंच की पाणी नितळ आहे की गढूळ. काचेच्या ग्लासात धरून ठेवा, तळाशी माती बसली तर बांध आतून पोखरला जातोय. अशा वेळी लोक ती जागा चिखलाने नाहीतर प्लास्टिकने बंद करतात, आणि हे अगदी उलटं आहे, पाणी आत कोंडून दुसरीकडून फुटतं. पाण्याला जाऊ द्यायचं पण माती अडवायची: आधी वाळू, त्यावर बारीक खडी, त्यावर मोठे दगड. उकळी फुटल्यासारखं पाणी वर येत असेल तर भोवती गोण्यांचं गोल कडं रचून आतलं पाणी थोडं चढू द्या, जोर कमी होतो.

पाइप किंवा मोरी बांधातून जाते तिथे पहिली नजर टाका, भोवतीची माती नीट दाबलेली नसते. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, तेव्हा आधी मोरीवरचाच भाग खचत गेला होता.

तिवरे धरण २०१९ ला फुटलं तेव्हा मंत्र्यांनी खेकड्यांवर ठपका ठेवला आणि सगळे हसले. खेकडे, घुशी बीळ करतातच, पण बिळं बुजवायची कुणी? बांधावरची बाभूळ-निंबाची रोपं लहान असतानाच उपटा. मोठं झाड तोडून बुंधा तसाच ठेवला तर मुळं कुजून आत नळ्या तयार होतात. हरळी मात्र राहू द्या, ती माती धरते.

गाळ काढताना पोकलेनवाला बांधाच्या अगदी पायथ्याशी खोदतो, कारण गाळ तिथे जास्त असतो. पायथा सोडून खोदा, आणि मुरूम दिसला की थांबा, नाहीतर पाणी बांधाखालून जातं. मागच्या पायथ्याशी शेततळं किंवा विहीर खोदायला तर ग्रामसभेतच नाही म्हणा.

गढूळ पाणी वाढतंय, माथा खचतोय असं दिसलं की बांधावर रील काढत उभं राहू नका. आधी खालच्या वस्तीला फोन, मग तलाठी, मग १०७७ (जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष). दुरुस्ती सकाळी उजेडात.