ऑक्सिजनच्या लाइनवर नवीन आहात? आधी गेज बघा

शिरोली एमआयडीसीत गॅस मिक्सिंगच्या कामाला लागलो तेव्हा ग्रेडचं, म्हणजे गॅस किती शुद्ध त्याचं, नाव काढलं की मला घाम फुटायचा. पण त्यात अवघड काही नाही. ४.५ म्हणजे ९९.९९५ टक्के: पहिला आकडा नऊ किती ते सांगतो, दुसरा सांगतो शेवटचा अंक कोणता. स्टेनलेसच्या वेल्डिंगला आर्गनमध्ये २ टक्के ऑक्सिजन घालायचा तर ९९.५ चा इंडस्ट्रियल पुरतो. उरलेला अर्धा टक्का बहुतेक आर्गनच असतो. ओलाव्याचा आकडा तेवढा विचारून घ्या. पीएसए प्लांटचा (हवेतला नायट्रोजन शोषून ऑक्सिजन वेगळा करणारा) ९३ टक्केवाला नको, त्यातून नायट्रोजनही येतो. ग्रेड चुकला तर फार तर माल परत येईल. मला भीती आहे ती तेलाची.

हेडरवरचा, म्हणजे मुख्य पाइपवरचा, दाब दाखवणारा गेज चुकीचं दाखवायला लागला म्हणून मी उद्यमनगरातून तपासून आणलेला दुसरा बसवला. आटे पुसले, हात साबणानं धुतले, तेलाचा ठिपका कुठं नव्हता. वॉल्व्हला हात घालणार तेवढ्यात आमचे मामा ओरडले, "थांब! त्यो गेज कशावर तपासलाय?"

तेलाच्या टेस्टरवर, म्हणजे गेजमध्ये तेल दाबून.

गेजच्या आत वाकवलेली नळी असते, एका टोकाला बंद. तिच्यात शिरलेलं तेल बाहेरून दिसत नाही, चिंधीनं निघत नाही. वॉल्व्ह झटक्यात उघडला की १५० बारचा ऑक्सिजन त्या बंद टोकात दाबला जातो, क्षणात शेकडो अंश तापतो, तेल पेटतं आणि त्यापाठोपाठ धातूही. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, दुसऱ्याला जाळतो, हे मला पाठ होतं. तरी चुकलो.

डायलवर 'यूज नो ऑइल' छापलेलाच गेज घ्या आणि तो ऑक्सिजनशिवाय कुठं लावू नका. तपासायला देताना 'तेलावर नको, नायट्रोजनवर' अशी चिठ्ठी बांधा. "पेट्रोलनं धुतला की झालं" म्हणणाऱ्याच्या हाताखाली शिकूच नका, मग तो कितीही जुना मिस्त्री असो. गळती बघायची ती ऑक्सिजनला चालणाऱ्या लिक्विडनं. वॉल्व्ह अगदी हळू उघडा, गेजच्या तोंडासमोर उभं राहू नका.

पहिले काही दिवस हात थरथरेल. माझाही थरथरायचा. घाबरून काम सोडू नका, महिनाभरात सवय होते.

तो गेज मामांनी लाल पट्टा मारून हायड्रॉलिक प्रेसवर बसवला. अजून तिथंच आहे.