वेल वॉटरचं घर घेतलंत? आधी थेंब मोजा, मग सॉफ्टनरला हात लावा

न्यू जर्सीत एडिसन-पिस्कॅटवेचं टाऊनहाऊस विकून हंटरडन काउंटीत रीडिंग्टन, ईस्ट अ‍ॅमवेलकडे मोठ्या अंगणाची घरं घेणारे आपले लोक हल्ली बरेच झालेत. आणि दर वास्तुशांतीला जेवणं झाली की तीच तक्रार ऐकू येते, केस गळतायत, तूरडाळ शिजत नाही, नळावर पांढरे थर साचतायत. नवरेमंडळी तोवर पाहुण्यांना बेसमेंटमधलं होम थिएटर दाखवत असतात आणि त्याच बेसमेंटच्या कोपऱ्यात प्रेशर टँकशेजारी सॉफ्टनर, म्हणजे जड पाणी मऊ करणारं मशीन, उभा असतो, त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही. आपल्या लोकांचं हे नेहमीचंच, घर घेताना ग्रॅनाइट बघणार, क्लोजेट मोजणार, पण पाणी कुठून येतं ते विचारणार नाहीत. विहीर म्हणजे इथे बोअरवेलच, लाल शेल खडकात खोल गेलेली, आणि त्या खडकातला चुना पाण्यात उतरतो म्हणून पाणी जड.

सगळ्यात आधी भारतातून आणलेला तो टीडीएस मीटर ड्रॉवरमध्ये ठेवून द्या. प्लीज. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळं मिळून, त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम किती हे त्याला कळत नाही. सॉफ्टनर कॅल्शियम काढून घेतो आणि बदल्यात सोडियम सोडतो, त्यामुळे सॉफ्टनर अगदी उत्तम चालत असला तरी मीटरवरचा आकडा जवळजवळ तोच राहतो. मग ग्रुपवर मेसेज येतो, "टीडीएस कमी होत नाहीये, सॉफ्टनर बिघडलाय का?" आणि दहा जण दहा सल्ले देतात, त्यातले नऊ जण म्युनिसिपल पाण्यावर राहणारे.

दुसरं, आणि हे मी भेटेल त्याला सांगते, घरी येऊन "फ्री वॉटर टेस्ट" करून देणाऱ्याला टेस्ट करू द्या हवं तर, पण त्या दिवशी सही करू नका. सही करू नका. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने घर घेतल्याच्या पहिल्याच महिन्यात फायनान्सवर हजारो डॉलरची सिस्टिम घेतली, आणि कशावरून तर त्या माणसाने पाण्यात दोन दांड्या बुडवून करंट सोडला आणि पाणी चहासारखं झालं. अहो, हा खेळ तर आपल्याकडे आरओ विकणारे कधीपासून करतायत! दांडी लोखंडाची असते, क्षार असलेल्या पाण्यातून करंट जातो आणि तिचाच गंज पाण्यात उतरतो. आरओच्या पाण्यात क्षार नाहीत म्हणून ते स्वच्छ दिसतं. पाणी वाईट आहे असं त्यातून काहीच सिद्ध होत नाही. आणि गंमत म्हणजे त्या घरात आधीचा सॉफ्टनर धडधाकट होता, फक्त बायपासवर होता, म्हणजे पाणी त्याच्यातून न जाता बाहेरूनच घरात जात होतं! म्हणून तुम्ही पण आधी बायपास व्हॉल्व्ह बघा, घर विकताना किंवा प्लंबरने काम करताना कुणीतरी फिरवून ठेवलेला असतो. सही झालीच असेल तर घरी येऊन केलेल्या विक्रीला फेडरल नियमाप्रमाणे तीन बिझनेस डेजमध्ये रद्द करता येतं, चौथ्या दिवशी मला फोन करून उपयोग नाही.

आता टेस्ट. क्लोजिंगच्या, म्हणजे घर नावावर होण्याच्या वेळी न्यू जर्सीत प्रायव्हेट वेल टेस्टिंग अ‍ॅक्टखाली रिपोर्ट मिळतो, हा कायदा 2002 पासून लागू आहे, पण त्या सक्तीच्या यादीत हार्डनेस, म्हणजे पाण्याचा जडपणा, नाहीच, तो आपणच मोजायचा. पट्ट्या मिळतात त्या स्वस्त आहेत पण रंग जुळवताना नवरा-बायकोचं एकमत होत नाही. थेंबांची किट घ्या, हॅकची 5-बी म्हणून येते. पाणी घ्यायचं ते सॉफ्टनरच्या आधीचं, म्हणजे प्रेशर टँकजवळच्या छोट्या नळाचं. बाहेरच्या बागेच्या नळाचंही चालतं, बहुतेक घरांत त्याला सॉफ्टनर नसतो, पण खात्री करून घ्या. पाच-दहा मिनिटं पाणी वाहू द्या, पाइपात आणि टँकमध्ये साठलेलं निघून जाऊ दे. छोटी नळी भरून बाटलीत ओतायची, पावडरची एक पुडी टाकून हलवायचं, पाणी गुलाबी होतं. मग एक थेंब, हलवा, एक थेंब, हलवा. शेवटी शेवटी जांभळट झाक येते तिथे घाई करायची नाही, स्वच्छ निळं झालं की थांबायचं. जितके थेंब तितके ग्रेन. एक ग्रेन म्हणजे लिटरला 17.1 मिलिग्रॅम. लॅब रिपोर्टमध्ये 240 लिहिलं असेल तर ते 14 ग्रेन, आणि लिटरला 180 मिलिग्रॅमच्या वर गेलं की इथे त्याला अति जड पाणी म्हणतात.

लोह वेगळं मोजा. नळातून स्वच्छ दिसणारं पाणी ग्लासात तासभर ठेवल्यावर तांबूस झालं तर लोह आहे. लिटरला एक मिलिग्रॅम लोहामागे साधारण 4 ग्रेन वाढवून धरायचे. म्हणजे 14 थेंब आणि 1 लोह असेल तर सॉफ्टनरला 18 सांगायचं. काही मशीनमध्ये लोहाचं खातं वेगळं असतं, तिथे परत मिळवू नका.

हिशोब आता नीट बघा कारण इथेच सगळे आकडे ठोकून देतात. चौघांचं घर, माणशी दिवसाला 75 गॅलन धरलं तर 300 गॅलन, गुणिले 18, म्हणजे रोज 5,400 ग्रेन. सॉफ्टनरमध्ये दीड घनफूट रेझिन (कॅल्शियम धरून ठेवणारे बारीक मणी) असेल तर घनफुटाला 15 पौंड मीठ दिल्यावर तो साधारण 45,000 ग्रेन धरतो, पण घनफुटाला 6 पौंडच दिलं, म्हणजे एकूण 9 पौंड, तरी 30,000 धरतो. मीठ निम्म्याहून कमी, क्षमता दोन तृतीयांश! सेल्समन किंवा आधीचा मालक बहुधा फुल डोसवर ठेवून गेलेला असतो. 9 पौंडांवर ठेवा, एक दिवसाचा साठा राखीव धरा, साधारण साडेचार दिवसांनी रिजनरेशन, म्हणजे मिठाच्या पाण्याने रेझिन धुणं, येईल आणि महिन्याला 60 पौंड मीठ लागेल, फुल डोसला 90च्या वर जातं. लोह असेल तर असं लवकर लवकर धुतलं जाणं रेझिनलाही बरंच. काही मशीनमध्ये पौंड टाकायचे नसतात, रिफिलची, म्हणजे मिठाच्या टाकीत पाणी भरायची, मिनिटं टाकायची असतात, तिथे एक गॅलन पाण्यात 3 पौंड मीठ विरघळतं एवढं लक्षात ठेवा. रिफिल मिनिटाला अर्धा गॅलन असेल तर 9 पौंडांना 6 मिनिटं.

देशातून आई-बाबा सहा महिने येतात तेव्हा माणसांचा आकडा वाढवा. ते बादलीने अंघोळ करतात म्हणून पाणी कमी लागेल असं वाटतं, पण भांडी वाहत्या नळाखाली घासली जातात आणि डिशवॉशर हे भांडी वाळवायचं कपाट होतं.

सेटिंग केल्यावर पुढच्या रिजनरेशनच्या आदल्या संध्याकाळी बाथरूमच्या नळाचं पाणी तपासा. पुडी टाकल्याबरोबर निळं झालं तर शून्य, छान. एखादा थेंब चालतो. तीन-चार लागले तर लगेच आकडे वाढवत बसू नका, आधी मिठाच्या टाकीत झाडूचा दांडा घालून बघा. वर मिठाचा कडक पापुद्रा आणि खाली पोकळी असं बऱ्याचदा असतं, वरून टाकी भरलेली दिसते आणि पाण्याला मीठ लागतच नाही. हलक्या हाताने फोडा, टाकीला भोक पाडू नका. आमचा अमेरिकन शेजारी हे सगळं रविवारी सकाळी कॉफी घेत घेत स्वतः करतो, आपण मात्र इंजिनिअर असून दांडा घालायला प्लंबर बोलावतो.

मीठ पेलेटचं घ्या, रॉक सॉल्टमध्ये माती असते. 40 पौंडांची पिशवी, कंबर सांभाळून.

अंघोळीनंतर अंग बुळबुळीत लागेल, साबण गेला नाही असं वाटेल, गेलेला असतो, शाम्पू निम्मा करा.

18 ग्रेनच्या पाण्यात सॉफ्टनरमुळे लिटरला साधारण 140 मिलिग्रॅम सोडियम वाढतं. म्हणजे ग्लासाला 35, फार नाही, पण घरात कुणाला बीपी असेल, डॉक्टरांनी मीठ तोडायला सांगितलं असेल तर स्वयंपाकघराच्या गार नळाची लाइन सॉफ्टनरच्या आधीच काढून घ्या किंवा प्यायला छोटा आरओ लावा. तुळस आणि कढीपत्त्याची कुंडी हिवाळ्यात आत आणली की लोक किचनच्या नळाचं पाणी घालतात आणि मग तुळस का जळतेय विचारतात. सोडियम मातीत साठत जातं, झाडांना बाहेरच्या नळाचं नाहीतर पावसाचं घाला.

आणि सॉफ्टनर म्हणजे फिल्टर नव्हे. जंतू तो मारत नाही, नायट्रेट काढत नाही, आर्सेनिकही काढत नाही. या भागातल्या खडकात आर्सेनिक नैसर्गिकरीत्याच आहे, फेडरल मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम असली तरी न्यू जर्सीची 5 आहे. क्लोजिंगचा रिपोर्ट परत काढून तो आकडा बघा, आणि कोलिफॉर्मची (जंतूंची) टेस्ट वर्षातून एकदा सर्टिफाइड लॅबकडून करून घ्या, हे घरच्या किटचं काम नाही.

घड्याळाचं राहिलं. रिजनरेशन रात्री 2 ला लागलेलं असतं आणि तेवढा वेळ घरात जड पाणीच येतं. इकडे वादळात लाइट गेली की पंपही बंद आणि काही मशीनचं घड्याळही मागे पडतं. मग ते संध्याकाळी सहाला सुरू होतं, नेमकी मुलांच्या अंघोळीच्या वेळी. लाइट आल्यावर आणि मार्च-नोव्हेंबरमध्ये वेळ बदलली की खाली जाऊन घड्याळ लावा.